गोव्याच्या जेवणासोबत फळांची वाइन: पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी

आमच्या फोंड्याच्या घरी जांभळाची वाइन पहिल्यांदा उघडली ती एका रविवारी. पुण्याहून मावसभाऊ आणि वहिनी आले होते. ताटात बांगड्याचं हुमण (नारळाच्या वाटणाचं माशाचं कालवण), तळलेली सुंगटं म्हणजे कोळंबी, उकडा भात. पहिला घोट नुसता घेतला तेव्हा सगळ्यांनाच वाइन आवडली. मग बांगड्याचा घास खाऊन दुसरा घोट घेतला आणि तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखी चव पसरली. वहिनींनी ग्लास हळूच बाजूला सरकवला. वाइन खराब आहे असं ठरवून मी बाटली बंद करून फ्रिजमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी रात्री उरलेल्या शाकुतीबरोबर (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्याचं कालवण) तीच वाइन घेतली, तर इतकी सुरेख लागली की मी चकित झाले. वाइनमध्ये काही दोष नव्हता. चुकली होती ती जोडी.

त्यानंतर बऱ्याच बाटल्या, बऱ्याच दुपारी आणि एक भरलेली वही यांतून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: गोव्याच्या जेवणात मासा कोणता आहे यावरून वाइन निवडू नका, कालवणात आंबट कोणतं घातलं आहे ते पाहून निवडा.

१. आधी बाटलीत काय आहे ते ओळखा

द्राक्षाशिवाय दुसऱ्या फळाचा रस आंबवून केलेली, ऊर्ध्वपातन न केलेली, म्हणजे भट्टीवर उकळून वाफेतून न काढलेली, ती फळांची वाइन. अननस, जांभूळ, स्ट्रॉबेरी, आंबा, चिकू, पीच, काजूचं बोंडू अशा अनेक फळांची होते. चिकूची वाइन आपल्या शेजारीच, पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला तयार होते.

गोव्यात नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो तो तीन ठिकाणी.

पहिला हुर्राकचा. काजूची बोंडवं कोळंबीत, म्हणजे त्यासाठी दगडात कोरलेल्या कुंडात, तुडवून काढलेला रस दोनतीन दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या उकळीला मिळतो तो हुर्राक, पुन्हा उकळून काढली की फेणी. दोन्ही ऊर्ध्वपातित आहेत, म्हणजे वाइन नव्हेत. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मान वेगळा आणि ती पिण्याची रीतही वेगळी. इथे सांगितलेल्या जोड्या हुर्राकला लावू नका.

दुसरा गोंधळ 'पोर्ट'चा. गोव्यात दुकानोदुकानी स्वस्त, गोड, लाल पोर्ट दिसते. ती द्राक्षाचीच. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. तिथे आंबवणं अर्ध्यावर असताना द्राक्षाची स्पिरिट घालून ते थांबवतात, म्हणून ती गोडही राहते आणि कडकही होते. आपल्याकडची बहुतेक पोर्ट त्या पद्धतीची नसते.

तिसरा म्हणजे फळाचा वास लावलेली द्राक्षाची वाइन. समोर अननसाचं मोठं चित्र असतं आणि मागे बारीक अक्षरांत द्राक्षरस आणि फ्लेवर असं लिहिलेलं असतं. बाटली उलटी करून मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

२. जमवाजमव

फार काही लागत नाही.

- वयाचा पुरावा. गोव्यात दारू विकत घ्यायला आणि प्यायला वय २१ पूर्ण हवं. चेहऱ्यावरून वय कळत नसेल तर दुकानदार ओळखपत्र मागतो आणि त्याने मागावंच.
- तोंडाकडे किंचित निमुळते होणारे काचेचे ग्लास, माणशी दोन. चाखण्याचा जो प्रमाण ग्लास आहे त्यात जेमतेम २१५ मिली मावतं, त्यामुळे मोठे घेण्याची गरज नाही. स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही.
- थुंकायला एक उंच भांडं. लाजू नका. तीनचार वाइन नीट चाखायच्या तर प्रत्येक घोट गिळून चालत नाही.
- साधं पाणी आणि मध्येमध्ये खायला पोळी किंवा उंडो (गोव्याचा गोल पाव). लसूण, लोणचं, शेव टेबलावरून लांब.
- बर्फाची बादली किंवा खोल पातेलं.
- वही आणि पेन. फोनवर लिहिलेलं पुन्हा कोणी वाचत नाही, हा माझा अनुभव.

३. दुकानात

लेबलवर तीन गोष्टी बघा: फळाचं नाव, अल्कोहोलची टक्केवारी आणि कधी भरली ती तारीख. फळांच्या वाइन बहुतेक तरुणपणीच चांगल्या असतात. वर्ष-दोन वर्षांत प्याव्यात, त्यांना जुनं होऊ देण्यात हशील नाही. म्हणून ताजी बाटली मागा.

बाटली कुठे ठेवली होती तेही बघा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुकानाच्या काचेत उन्हाला ठेवलेली वाइन अक्षरशः शिजते. शोभेला लावलेली बाटली घेऊ नका, आतली द्या म्हणून सांगा. गोड फळांच्या वाइनमध्ये यीस्ट जिवंत राहिलं असेल तर उष्णतेने ती बाटलीतच पुन्हा आंबू लागते. साध्या वाइनचं बूच वर आलेलं दिसलं तर ती घेऊ नका.

आता साखरेचं. पिकलेल्या वाइनच्या द्राक्षात शंभरात वीस ते पंचवीस भाग साखर असते. अननसात त्याच्या निम्म्याच्या आसपास, स्ट्रॉबेरीत त्याहून कमी. तेवढ्या साखरेवर पुरेसं अल्कोहोल बनत नाही, म्हणून फळांच्या वाइनला आंबवण्याआधी वरून साखर घालतात. ती भेसळ नाही, कृतीचाच भाग आहे. पण शेवटी किती साखर उरू द्यायची हे प्रत्येक वाइनरी आपल्या मनाने ठरवते. त्यामुळे एका घरची अननसाची वाइन कोरडी ठणठणीत असते आणि दुसरीची सरबतासारखी गोड. फळाच्या नावावरून गोडी कळत नाही. लेबलवर ड्राय, सेमी-स्वीट असं काही लिहिलं असेल तर ते फळाच्या चित्रापेक्षा महत्त्वाचं.

४. वाइनच्या आधी जिभेची तालीम

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. एका संध्याकाळी दारूचा थेंबही न घेता करा.

लिटर-लिटर पाण्याची तीन भांडी घ्या. एकात चहाचा एक सपाट चमचा साखर, दुसऱ्यात अडीच चमचे, तिसऱ्यात नऊ-दहा. युरोपच्या नियमांप्रमाणे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असली की साधारणपणे वाइन ड्राय, १२ पर्यंत मीडियम ड्राय, ४५ पर्यंत निमगोड आणि त्यापुढे गोड. चमचाभर साखर चारपाच ग्रॅम भरते, म्हणजे या तीन भांड्यांत त्या तिन्ही सीमा आल्या. क्रमाने चाखा. मग तिसऱ्या भांड्यातलं ग्लासभर पाणी घेऊन त्यात अर्धं लिंबू पिळा आणि पुन्हा चाखा. साखर तेवढीच आहे, पण गोडी कितीतरी कमी वाटेल. वाइनमध्ये आंबट आणि गोड असेच एकमेकांना झाकत असतात.

तुरटपणासाठी दूध न घातलेला कडक, थंड चहा प्या आणि जीभ दातांवरून फिरवा. जीभ खरखरीत झाल्यासारखी वाटते ना, तेच टॅनिन. गोव्यात वाढलेल्यांना हे वेगळं शिकवायला नको. लहानपणी झाडाखाली उभं राहून बोंडू चोखलेला प्रत्येकजण ती घशाची खवखव ओळखतो.

५. वेळ आणि जागा

सकाळी अकरा-साडेअकराची वेळ उत्तम, जेवणाआधी भूक लागू लागते तेव्हाची. जीभ ताजी असते. संध्याकाळी आमच्याकडे एकदा हा कार्यक्रम ठेवला होता. देवापुढे दिवा लावून उदबत्ती फिरवली आणि पुढचा तासभर प्रत्येक ग्लासात चंदनच. तेव्हापासून उदबत्ती, धूप, अत्तर, गजरा, फोडणी हे सगळं चाखून झाल्यावर. पान-तंबाखू खाणाऱ्याने निदान तासभर आधी तोंड स्वच्छ धुवावं.

समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्त बघत चाखायचा बेत असेल तर तो सोडा. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणाऱ्याला दंड आहे. २०१९ सालच्या कायदा दुरुस्तीत तो व्यक्तीला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये ठरला होता, पुढे आणखी वाढला. दंड नसता तरी तिथे खारा वारा वाइनचा वास टिकू देत नाही, आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचा पायात घुसलेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

तापमानाकडे दुर्लक्ष केलंत तर बाकीचे कष्ट वाया जातात. आपल्या घरात उन्हाळ्यात तीस अंशांच्या वर असतं, 'रूम टेंपरेचर' हा शब्द थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. अननस, आंबा, पीच ८ ते १० अंशांवर, फसफसणारी चिकूची ६ ते ८ वर, जांभळाची १४ ते १६ वर. थर्मामीटर नसेल तर फिकट वाइन फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटांनी ओता, जांभळाची अर्ध्या तासाने. घाईत असाल तर बर्फ आणि पाणी दोन्ही घातलेल्या पातेल्यात वीस मिनिटं बाटली बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर थंड करतं.

६. चाखण्याची रीत

कोरडी आधी, गोड नंतर. हलकी आधी, तुरट नंतर. हा क्रम उलटा झाला तर गोड वाइननंतर कोरडी वाइन लिंबूपाण्यासारखी लागते.

ग्लासात ४० मिलीच ओता. पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा. अननसाची फिकट सोनेरी असावी, गडद तपकिरीकडे झुकली असेल तर हवा लागून उतरली आहे. थोडी धूसर असली तर घाबरू नका, फळातल्या पेक्टिनमुळे तसं होतं. मग ग्लास फिरवून वास घ्या, आणि इथेच सगळे फसतात. पिकलेल्या आंब्याचा वास आला की मेंदू आधीच गोड म्हणून निर्णय देऊन टाकतो.

यावर माझा उपाय: पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्या. वास बंद झाल्यावर जिभेला फक्त गोड, आंबट, कडू, तुरट एवढंच कळतं. किती गोड आहे ते आता ठरवा, वहीत लिहा, मग नाक सोडा. फळ एकदम तोंडात उमलतं. ज्यांना ज्यांना हे करून दाखवलं, त्या प्रत्येकाने लगेच दुसरा घोट तसाच घेऊन पाहिला.

आंबटपणा मोजायचा तर घोट संपल्यावर किती लाळ सुटते ते बघा. तुरटपणा हिरड्यांवर कळतो. अल्कोहोल घशाशी उष्ण लागतं. वहीत चार शब्द पुरे: गोड किती, आंबट किती, तुरट किती, वास कशाचा. 'छान' हा शब्द लिहू नका, महिन्याभराने त्यातून काही आठवत नाही.

७. जोडी जमवणं

आधी तीन नियम, कारण बाकी सगळं त्यांतूनच निघतं. वाइन जेवणाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी सपाट लागते. तिखटाबरोबर अल्कोहोल जास्त झोंबतं, थोडी गोडी आणि थंडपणा ते शांत करतात. आणि टॅनिनला तेलकट मासळीचं वावडं आहे, मटण आणि भाजलेलं खोबरं मात्र त्याला जवळचं.

आता आपल्या स्वयंपाकघरातली आंबटं एकेक करून घेऊ.

*सोलं.* भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांचा आंबटपणा स्वच्छ आणि किंचित तुरट. सोलं घातलेलं सुंगटांचं किंवा इसवणाचं (सुरमईचं) हुमण असेल तर कोरडी किंवा जेमतेम गोडीची अननसाची वाइन द्या. अननसातलं आम्ल मुख्यतः सायट्रिक, म्हणजे लिंबातलंच. तळलेल्या माशावर आपण लिंबू पिळतो तेच काम ही वाइन करते. रवा लावून तळलेला चोणक आणि थंड अननसाची वाइन ही नवख्याने पहिली करून बघावी अशी जोडी, हिने आजवर एकदाही दगा दिलेला नाही.

*चिंच.* चिंचेचं आंबट टार्टारिक, द्राक्षात असतं तेच. चव खोल, जरा गुळमट. नारळाच्या रसातल्या चिंचेच्या कालवणाला आंब्याची मीडियम ड्राय वाइन छान जाते. नारळाचा स्निग्धपणा वाइनचा आंबटपणा मऊ करतो, त्यामुळे नुसती चाखताना जराशी बोचरी वाटलेली बाटलीसुद्धा इथे सुधारते.

*कैरी, आंबाडे, बिंबलं.* यांचा आंबटपणा टोकदार. आंबाडे घातलेली उडदामेथी समोर असेल तर गोड वाइन काढू नका, ती पाकासारखी लागते. सगळ्यात आंबट, सगळ्यात कोरडी बाटली इथे.

*तिरफळं.* ही आंबटं नव्हेत, पण त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय बांगड्याचं हुमण सुटत नाही. तिरफळांनी जीभ हलकी बधिर होते आणि लिंबाच्या सालीसारखा वास तोंडभर राहतो. त्यावर तुरट वाइन घेतली की उरतो तो फक्त कडवटपणा. त्या रविवारी माझ्या ताटात तेलकट बांगडाही होता आणि तिरफळंही. जांभळाच्या वाइनला तिथे जागाच नव्हती. अननसाची चालली असती.

*व्हिनेगर.* विंदालू, बालचांव, चोरीस-पाव (चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) यांत माडाच्या सुरेचं व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरची एकदम येतात. कोरडी वाइन यांच्यापुढे स्वतःच व्हिनेगर वाटू लागते. इथे निमगोड स्ट्रॉबेरीची, चांगली थंड. चोरीसच्या चरबीला तिचा आंबटपणा कापतो आणि तिखटाला गोडी धरून ठेवते. काफ्रेआलमध्ये व्हिनेगरपेक्षा कोथिंबीर आणि हिरवी मिरची पुढे असते, म्हणून तिथे पुन्हा अननस.

*आंबट नावापुरतं, भाजलेलं वाटण भरपूर.* शाकुती, अळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) तोंडाक, काळ्या वाटाण्याचा रस्सा, पावसाळ्यात मिळाली तर अळम्यांची शाकुती. भाजलेलं खोबरं, खसखस, जायपत्री, मिरी. इथे जांभूळ राज्य करतो. त्याचा तुरटपणा खोबऱ्याच्या तेलात विरघळतो आणि मागे जांभळाचा मसालेदार सुगंध राहतो. शाकाहारी घरांतल्या पाहुण्यांना मी नेहमी तोंडाक आणि जांभळाचीच जोडी देते.

मुगागाठी, खतखतं, मिरचीची भजी यांच्यासोबत फसफसणारी चिकूची वाइन करून बघा. बुडबुडे तळणाचं तेल धुऊन नेतात.

गोडाचं थोडक्यात: वाइन पदार्थाहून कमी गोड असली की आंबूस लागते. बेबिंका किंवा दोदोल यांच्यापुढे बहुतेक फळांच्या वाइन टिकत नाहीत. खूप गोड बाटली नसेल तर बेबिंका नुसतीच खा, तिचं काही अडत नाही.

सुक्या सुंगटांची किस्मूर (ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर) कुठल्याच वाइनशी जमत नाही, ती सोलकढीच्या पंक्तीतली. आणि सोलकढी चाखणं पूर्ण झाल्यावर, शेवटी. तिच्यातली लसूण एकदा जिभेवर बसली की त्या दिवसापुरती वाइन संपली.

८. बिघडलेली बाटली ओळखणं

नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, कापून ठेवलेल्या काळ्या सफरचंदाचा वास, सडक्या अंड्याचा वास. यांतलं काहीही आलं तर आग्रहाने पिऊ नका. अंड्याचा वास कधीकधी ग्लास पाच मिनिटं फिरवल्यावर उडतो, बाकीचे जात नाहीत. बिल जपून ठेवा आणि बाटली न ओतता परत न्या. अर्धी संपवून केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

उघडलेली चांगली बाटली झाकण घट्ट लावून, उभी, फ्रिजमध्ये दोनतीन दिवस राहते. फसफसणारी त्याच दिवशी संपवा.

९. रस्ता आणि सीमा

गाडी चालवणाऱ्याने थुंकूनसुद्धा चाखू नये, असं माझं ठाम मत आहे. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गरोदर बाईने, आणि औषधं चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय, या कार्यक्रमात जेवायला यावं, चाखायला नव्हे.

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे परतताना डिकीत बाटल्या भरतात. फळांचीच तर आहे, वाइनच तर आहे, अशी त्यांची समजूत असते. गोव्यात विक्रीसाठी असलेला माल परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. नेणं गरजेचंच असेल तर आधी अबकारी खात्यात विचारून रीतसर परवाना घ्या. त्यापेक्षा पाहुण्यांना इथेच जेवू घाला.

१०. पहिल्या दुपारचा बेत

आठ माणसं, तीन बाटल्या: कोरडी अननस, निमगोड स्ट्रॉबेरी, जांभूळ. चाखायला ४० मिलीप्रमाणे प्रत्येक बाटलीतले ३२० मिली जातात, उरतात ४३०, म्हणजे जेवताना प्रत्येकाला प्रत्येक वाइनचे पन्नासेक मिली. तेवढे भरपूर झाले.

साडेअकराला नुसत्या वाइन चाखा, अननस, मग जांभूळ, शेवटी स्ट्रॉबेरी. साडेबाराला रवा लावलेला चोणक आणि अननस. मग चोरीस-पाव, स्ट्रॉबेरीसोबत. शेवटी कोंबडीची शाकुती, उंडे आणि जांभूळ. मुद्दाम एक तळलेला बांगडाही ठेवा, आणि सगळं खाऊन झाल्यावर प्रत्येकाला त्याचा एकच घास जांभळाच्या घोटाबरोबर द्या. मी जे या लेखाच्या सुरुवातीला लिहिलं आहे ते त्यांना तोंडी सांगावं लागणार नाही. मग सोलकढी वाढा.